बिनचेंडूचा कोच

परवा सावंतवाडीला एका लग्नात अकाउंटवाले साहेब भेटले. अबुधाबीत आम्ही एकाच कॉलेजात होतो. ते ऑफिसात बसून हिशेब बघायचे, मी बास्केटबॉलच्या हॉलचा नातूर होतो. नातूर म्हणजे राखण करणारा, पुसणारा, चाव्या सांभाळणारा, सगळं एकच माणूस. साहेब मूळ पुण्याचे. आता हातात काठी आलीय, पण बोलणं तेच. पंगतीत शेजारी बसले आणि भात कालवायच्या आधी म्हणाले, "काय मामा, तुमचा तो कोच पैशाला परवडला की नाही, सांगा एकदाचं."

"साहेब, जेवा. कढी निवतेय."

"म्हणजे नाही परवडला."

"मी असं म्हटलं नाही."

"मग परवडला?"

मी कढीची वाटी तोंडाला लावली. नवरानवरी समोर बसलेली असताना सांगावी अशी ती गोष्ट नव्हे. पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना. मी चौथीपर्यंत शिकलोय, लिहिताना चुका होतील. होऊ देत. जे बघितलं ते मी बघितलंय, मीच लिहिणार.

त्याचं नाव इथं घालत नाही. तसंही ते कुणाला धड म्हणता यायचं नाही, सगळे कोचच म्हणत. युगोस्लाव्हियाचा होता. म्हणजे तो आला तेव्हा तो देश फुटला होता, आणि ह्याचं गाव कुठल्या तुकड्यात जाणार ह्यावरून तिकडे लढाई चालू होती. त्याच्या पासपोर्टावर छापलेला देश उरलाच नव्हता. कॉलेजनं कसाबसा व्हिसा काढला. तिकडचा कायदा असा, की नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की देश सोडायचा. आम्ही सगळे त्याच कायद्याखाली होतो. पण आम्हाला परत जायला गाव होतं. ह्याची नोकरी गेली तर ह्याला विमानात बसवून पाठवायचं कुठं, हे कॉलेजलाही माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं.

पगार बारा हजार दिरहाम. साहेब दर महिन्याला सही घेताना मोठ्यानं म्हणायचे, "आपले लाखाच्या वर झाले की हो, मामा!" माझा पगार ते मोठ्यानं सांगत नसत, तेवढे उपकार.

पहिल्यांदा आला तो जूनच्या उन्हात, डोक्यावर लोकरीची टोपी. मी हॉल उघडून बाजूला उभा राहिलो. हा आत जाईना. उघड्या दारावर त्यानं बोटानं टकटक केलं आणि थांबला. आत कोणी नव्हतं. मीच नुकतं पुसून आलो होतो, लाकडी जमीन आरशासारखी चकचकत होती. थोड्या वेळानं त्यानं मान हलवली, जणू आतून कोणी 'या' म्हणालं, आणि मग आत गेला.

मला वाटलं, असेल त्यांच्यात रीत. पण तो रोज टकटक करायचा. एकदा मी वैतागून विचारलं, "कोच, अंदर कौन है?"

तो म्हणाला, "लड़का लोग. कपड़ा बदलता है."

पोरं अजून गाड्यांतून उतरायची होती. मी त्या दिवसापासून त्याच्या आधी हॉलमध्ये जायचं बंद केलं. पुसायचं काम पोरं गेल्यावर करू लागलो. घाबरलो म्हणून नाही. कुणी कपडे बदलत असताना आपण आत जाऊ नये, एवढंच.

त्याची हिंदी माझ्याकडून उचललेली, त्यामुळे ती वाईट होती. पावाचा तुकडा आणि कच्चा कांदा, एवढं त्याचं दुपारचं जेवण, आणि तेसुद्धा कोर्टाच्या मधल्या रेघेवर उभं राहून. बसायचा कधीच नाही. बुटांचा आवाज नाही. आपण जाळं सारखं करत शिडीवर असावं, खाली बघावं तर हा उभा. त्या टोकाकडून कधी आला ते कळायचं नाही. मी एकदा म्हटलं, "कोच, खोकत जा जरा." तर तो खरंच खोकायला लागला, पण खोकला यायचा हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून. हॉल मोठा होता, आवाज फिरत असेल. मी तशी माझी समजूत घातली.

आता चेंडूचं सांगतो. पोरं पहिल्या दिवशी आली, सगळी अरबांची पोरं, उंच, गाड्या बापाच्या. यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, करत चेंडू शोधायला लागली. कोचनं सगळे चेंडू उचलले, माझ्या कपाटात टाकले, कुलूप लावलं आणि चावी माझ्या हातात दिली. म्हणाला, "बॉल आख़िर में आता है."

आणि पोरांना खेळायला लावलं. बिनचेंडूचं. धावायचं, उडी मारायची, हात पुढे करून झेलायचं, दुसऱ्याला द्यायचं, जाळ्याकडे फेकायचं, सगळं रिकाम्या हातांनी. पोरं हसून हसून लोळली. कोच हसला नाही, रागावलाही नाही. एखाद्यानं खोटं झेललं तर तो शिट्टी मारायचा. "गिरा. उठाओ." पोरगा वाकून काहीतरी उचलल्यासारखं करायचा. "वहाँ नहीं. उधर." आणि खरंच दुसरीकडे बोट दाखवायचा.

साहेब तेव्हापासून माझ्या मागे लागले. "काय मामा, तुमच्या गुरुजींनी आज तरी चेंडू काढला का?"

"नाही साहेब."

"बारा हजार घेतो आणि चेंडूसुद्धा झिजू देत नाही. बचतीचा माणूस आहे हो."

तेव्हा मीही साहेबांच्या बाजूनं होतो. मी म्हणायचो, हा हरामाचा पैसा आहे. आम्ही उन्हात घाम गाळावा आणि ह्यानं हवा शिकवावी. मी तोंडावर सांगायला कमी करत नाही, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "इंतज़ार करो."

थंडीचे दिवस आले तोवर हसणं थांबलं होतं. हॉलमध्ये नुसते बूट घासल्याचे आवाज आणि श्वास. बघायला आलेली पोरं वरच्या बाकांवर बसायची, आणि सगळ्यांच्या माना एकदम वळायच्या. डावीकडे, उजवीकडे, वर जाळ्याकडे. सगळ्यांना एकच गोष्ट दिसत असल्याशिवाय माना अशा वळत नाहीत. मी हे बघून मनात म्हणायचो, वेडे झालेत. एकदा पोरांचा घाम सांडला म्हणून मी कडेनं कोरडा पोछा ओढत होतो, पाठ कोर्टाकडे. अचानक माझा पाय वर उचलला गेला. आपण चेंडूला वाट देतो तसा. पायाखालून काहीतरी गेलं आणि भिंतीला लागल्याचा आवाज आला. मी मागं वळून बघितलं तर एक पोरगा माझ्याकडे धावत आला, "सॉरी, चाचा" म्हणाला, भिंतीशी वाकला आणि दोन्ही हातांत धरून परत गेला.

मी कमरेची चावी चाचपली. कपाटाला कुलूप होतं. चेंडू आत होते, मी उघडून बघितलं.

त्या दिवसापासून मी त्याला हरामाचा पैसा म्हटलं नाही. हलालाचा आहे असंही म्हटलं नाही. मी उगीच मत बदलत नाही.

मॅचला अर्थात खरा चेंडू असायचा. पहिल्या वर्षी ही पोरं हरली, सगळीकडे हरली. दुसऱ्या वर्षापासून बाकीची कॉलेजं घाबरायला लागली. आमची पोरं चेंडूकडे बघायचीच नाहीत. जिथं चेंडू येणार तिथं आधीच जाऊन उभी. एकदा दुबईच्या कॉलेजाचा कप्तान खेळ थांबवून पंचाकडे गेला आणि म्हणाला, ह्यांची माणसं मोजा, जास्त आहेत. पंचानं मोजलं. पाचच होती. कप्तान म्हणाला, पुन्हा मोजा. पंचानं पुन्हा मोजलं. वर बसलेले लोक हसले. तो कप्तान हसला नाही, आणि आमच्या बाकाशी उभा असलेला कोचसुद्धा. कोच कोर्टाकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते, तोही मोजत होता.

कप मात्र मिळाला नाही. शेवटच्या मॅचला थोडक्यात हरले. साहेबांचं म्हणणं तेच, आणि हिशेबानं ते बरोबरच आहे. एवढा पैसा घातला, कपांचं कपाट रिकामं.

पण कोचची नोकरी कपामुळे अडचणीत आली नाही. ती आली नावांमुळे.

तो पोरांना त्यांच्या नावानं हाक मारत नसे. पहिल्या पाचांना त्यानं पाच नावं दिली होती, त्याच्या गावाकडची. त्यातला रशीद नावाचा पोरगा सगळ्यात गुणी, लांब हातांचा, मऊ बोलणारा. त्याला तो मिरको म्हणायचा. पोरांना गंमत वाटायची, कोड नेम म्हणायची. हळूहळू ती त्याच नावांना ओ देऊ लागली.

एका दुपारी हॉलच्या पायरीवर आम्ही दोघं होतो, मी बसलेला, तो उभा, कांदा सोलत. मी विचारलं, "ये मिरको कौन?"

"मेरा लड़का. टीम का."

"अच्छा खेलता था?"

"बहुत अच्छा. बायाँ हाथ." त्यानं डावा हात वर केला.

"अभी किधर है?"

"हॉल में."

मी मागच्या दाराकडे बघितलं. तो म्हणाला, "उधर का हॉल." मग थोडं थोडं सांगितलं. त्याच्या गावाला वेढा पडला होता, डोंगरावर तोफा. हॉलमध्ये चेंडूचा आवाज झाला की तिकडे कळायचं, इथं माणसं आहेत. म्हणून त्यानं चेंडू कुलपात घातले आणि पोरांना बिनचेंडूचं खेळवलं. पूर्ण हिवाळाभर. आवाज नाही, काही नाही. एक दिवस तो पावाच्या रांगेत उभा राहायला बाहेर गेला. परत आला तेव्हा हॉलचं छप्पर खाली होतं.

"आवाज़ नहीं किया," तो म्हणाला. "फिर भी."

 त्यानं अर्धा कांदा मला दिला. मी खाल्ला.

मला ते मिरकोचं ऐकून वाईट वाटलं होतं. पण त्यानंतर मी रशीदकडे बघायला लागलो आणि वाईट वाटायचं जाऊन भीती बसली. रशीद उजव्या हाताचा पोरगा. पहिल्या वर्षी तो उजव्या हातानंच फेकायचा, मी डोळ्यांनी पाहिलंय. आता तो डाव्या हातानं फेकत होता. कोचनं सांगितलं नव्हतं. मी रशीदलाच विचारलं. तो म्हणाला, "मालूम नहीं चाचा, वोही हाथ आगे आता है."

मग एक दिवस रशीदचा बाप मुदीरकडे गेला. मुदीर म्हणजे कॉलेजचे मुख्य. बाप पोलिसात मोठ्या हुद्द्यावर होता. त्याचं गाऱ्हाणं असं, की पोरगा घरी पाहुण्यांसमोर डाव्या हातानं जेवतो, डाव्या हातानं कॉफी घेतो. त्यांच्यात काय, आपल्यातही कोणी खपवून घेणार नाही. आणि दुसरं म्हणजे आईनं नावानं हाक मारली तर वळून बघत नाही. कान तपासले. कान चांगले आहेत.

मुदीर म्हणाले, मी स्वतः बघतो. हा माणूस एवढे पैसे घेऊन काय शिकवतो ते बघतो आणि निकाल लावतो. साहेब धावत माझ्याकडे आले. "मामा, तयारी करा. तुमचा गुरुजी गेला आता. कागद तयार ठेवायला सांगितलेत."

"गेला तर जाणार कुठं, साहेब?"

साहेब टोमणा मारणार होते, पण थांबले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "तेच कळत नाहीये हो. पासपोर्ट कोणी घेत नाही त्याचा."

मी कोचला सांगितलं, उद्या मुदीर येणार, उद्यापुरता तरी चेंडू काढ. चावी पुढे केली. त्यानं माझी मूठ मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मुदीर आले. म्हातारा माणूस, पांढराशुभ्र कंदुरा म्हणजे पायघोळ झगा, हातात जपाची माळ. मागं साहेब. मुदीर कोर्टाच्या कडेला उभे राहिले. पोरं खेळत होती, रिकाम्या हातांनी. मुदीर बघत राहिले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. शेवटी ओरडले, "खलास! ये क्या है? मेरे को पागल समझता है?" त्या पिढीच्या अरबांना हिंदी चांगली यायची, मुंबईला जाऊन-येऊन असायचे.

सगळे थांबले. रशीद मध्ये उभा होता, दोन्ही हात छातीशी. कोच दोन पावलं पुढे आला. त्यानं रशीदकडे हात केला, रशीदनं त्याच्याकडे टाकलं, आणि कोचनं वळून मुदीरकडे फेकलं. जोरात, छातीवर.

मुदीरनी झेललं.

हातातली माळ खाली पडली आणि दोन्ही पंजे छातीसमोर उघडून ते उभे राहिले. एक पाऊल मागं गेले, धक्का बसल्यासारखे. ठप्प असा आवाज मी ऐकला. साहेब म्हणतात, नाही झाला. साहेब माझ्यापेक्षा जवळ होते, पण त्यांचे डोळे मिटलेले होते, हे मी त्यांना तेव्हाच सांगितलं.

कोणी हसलं नाही. मुदीर आपल्या हातांकडे बघत होते. हात खाली आणता येईनात त्यांना. कारण खाली आणले तर ते पडणार.  मग कोच हळूच म्हणाला, "मुदीर. पास." मुदीरनी ते रशीदकडे टाकलं. रशीदनं डाव्या हातानं घेतलं, आणि खेळ पुन्हा चालू झाला. मुदीर मागं न बघता निघून गेले. माळ तिथंच राहिली.

माळ पोचवायला म्हणून मी ऑफिसात गेलो. आत रशीदचा बाप आणि साहेब. मुदीर खुर्चीत, दोन्ही पंजे टेबलावर उलटे ठेवलेले. मला बघून म्हणाले, "तू रोज उधर रहता है. सच बोल. उसने कभी बॉल से सिखाया?"

बाप माझ्याकडे बघत होता. साहेब डोळ्यांनी खुणावत होते, कुठल्या बाजूनं ते मला कळलं नाही. चावी माझ्या कमरेला होती आणि चेंडू कपाटात होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी म्हटलं, "बॉल रोज़ था, साब."

"कौनसा बॉल?"

"जो आपने पकड़ा."

बाप उठून उभा राहिला, त्याच्या भाषेत काहीतरी मोठ्यानं बोलला. मुदीरनी हात वर करून त्याला गप्प केलं, आणि त्याला आणि साहेबांना बाहेर जायला सांगितलं. दार लागलं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गरम था."

मी माळ टेबलावर ठेवली.

"इधर एसी है. इतना ठंडा हॉल. लेकिन वो गरम था. जैसे बहुत लोगों का हाथ लगा हो."

 मग साहेबांना परत आत बोलावलं. निकाल दिला तो असा. कोचनं पैसे हलाल केलेत, एक दिरहाम कापायचा नाही, पुढच्या वर्षाचाही पगार द्यायचा. आणि त्याला उद्यापासून ठेवायचं नाही.

साहेब गोंधळले. "सर, काम अच्छा है तो..."

"काम पूरा है," मुदीर म्हणाले. "इसलिए. वो लड़का किसी का बेटा है. मुझे उसके बाप को वापस देना है." मग थांबून म्हणाले, "वीज़ा मत काटना. जब तक कोई देश उसको नहीं लेता, वो मेरा आदमी है."

नोकरी खलास आणि व्हिसा चालू, असं त्या देशात मी दुसऱ्या कुणाचं झालेलं ऐकलं नाही. त्याला पुढे एका थंड देशानं घेतलं. तोपर्यंत तो करामा नावाच्या वस्तीत, आमच्याच एका माणसाच्या खोलीवर राहिला. त्याच्या जागी नवा कोच आला, त्यानं पहिल्याच वर्षी कप आणला. साहेब म्हणाले, "बघा मामा, हा परवडला!" मी बघितलं. चांगला कोच होता. हॉलमध्ये नुसता चेंडूचा आवाज.

त्या दिवशी निकाल कोचला सांगायचं काम मुदीरनी माझ्यावर टाकलं. मी हॉलमध्ये गेलो, सगळं सांगितलं, पगाराचं, व्हिसाचं, बापाचं. त्यानं शांतपणे ऐकलं. व्हिसा राहिला हे ऐकून त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. पण त्यानं एवढंच विचारलं, "बाप रोया?"

"नहीं. चिल्लाया."

"सेम बात है," तो म्हणाला.

पोरं निघायच्या तयारीत होती. त्यानं पाचांना मधल्या रेघेवर उभं केलं आणि डोक्यावरची टोपी काढली. टोपीखाली केस पांढरे झाले होते, चेहरा तरुण आणि केस म्हाताऱ्याचे. तो पहिल्या पोरासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्हारा नाम?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मला तेव्हा कळलं, त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं कधी विचारलंच नव्हतं. पहिल्यानं हसत आपलं नाव सांगितलं. कोचनं ते नीट म्हणून बघितलं, चुकलं, पोरानं दुरुस्त केलं, पुन्हा म्हटलं. दुसऱ्यानं सांगितलं. तिसऱ्यानं, चौथ्यानं. प्रत्येक वेळी कोच एखादी जड वस्तू खाली ठेवावी तसा थोडा वाकायचा.

मग तो रशीदसमोर आला.

"तुम्हारा नाम?"

रशीदनं तोंड उघडलं आणि मिटलं. बाकीची पोरं हसायला लागली, मग हसायची थांबली. कोच वाट बघत उभा राहिला. मी दाराशी होतो, मला राहवेना, मी ओठांनी नाव करून दाखवलं, पण पोरगा माझ्याकडे बघत नव्हता. तो वरच्या रिकाम्या बाकांकडे बघत होता.

शेवटी त्यानं सांगितलं. नाव बरोबर होतं. पण सांगायच्या आधी त्यानं वर बघून मान हलवली, कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखी.